अपक्षांना गटात बसवण्याची घाई कशासाठी?

अमेरिकेतल्या विद्यापीठीय फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात १३० हून अधिक संघ खेळतात (फुटबॉल म्हणजे अर्थातच त्यांचा, अंडाकृती चेंडूचा). २०२५ च्या हंगामात त्यांपैकी अवघे दोन संघ कोणत्याही कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचे, सभासद नव्हते. एक इंडियाना राज्यातले नोटर डेम आणि दुसरे कनेक्टिकट. तिसरा अपक्ष असलेला मॅसॅच्युसेट्सचा संघ त्याच वर्षी मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये परत गेला. उरलेले दोघे शेवटी कुठे जाणार, नोटर डेम बिग टेन या गटाला होकार देणार की अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये फुटबॉलसह पूर्ण सभासद होणार, कनेक्टिकटला बिग ट्वेल्व्ह घेणार की नाही, यावर तिकडे दर उन्हाळ्यात खल चालतो. गटाबाहेर असणे ही अपुरी, तात्पुरती अवस्था आहे आणि ती लवकर संपण्यातच सगळ्यांचे हित आहे, हे या सगळ्या चर्चेत गृहीत धरलेले असते. मला ते गृहीतकच मान्य नाही. गेल्या काही वर्षांत ज्या विद्यापीठांनी गट बदलले त्यांच्या बाकीच्या खेळांची जी परवड झाली, ती पाहता फुटबॉलचा संसार वेगळा आणि इतर खेळांचा वेगळा ठेवण्याची या दोन अपक्षांची पद्धतच अधिक शहाणपणाची ठरते. त्यांना गटात ओढण्याऐवजी गटांनी त्यांच्याकडून काही घ्यावे, असे माझे म्हणणे आहे.

कॉन्फरन्स ही संस्था मुळात पैशासाठी निघालेली नाही. १८९५ च्या जानेवारीत पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी आसपासच्या विद्यापीठांच्या अध्यक्षांना शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात बोलावले, ते खेळाडू खरोखरच विद्यार्थी असावेत आणि खेळावर प्राध्यापकांचे नियंत्रण असावे, याचे नियम ठरवण्यासाठी. पुढच्याच वर्षी त्यातून वेस्टर्न कॉन्फरन्स उभी राहिली आणि तीच पुढे बिग टेन झाली. १९१५ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स निघाली, तीही रेल्वेने जाऊन परत वर्गात हजर होता येईल अशा शेजाऱ्यांची. भूगोल हाच या गटांचा पाया होता. त्या काळात गटाबाहेर असणे हे काही कमीपणाचे लक्षण नव्हते. नोटर डेमला वेस्टर्न कॉन्फरन्सने दारातच अडवले, त्यामागे कॅथलिकांविषयीचा आकस होता असे अनेक इतिहासकार मानतात. शेजाऱ्यांनी पंगतीला बसू दिले नाही म्हणून हा संघ देशभर सामने शोधत फिरला, १९२६ पासून लॉस एंजलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी खेळू लागला आणि त्या भटकंतीतूनच त्याला देशभर चाहते मिळाले. पेन स्टेट, मायामी, फ्लोरिडा स्टेट हे मोठे संघही १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत फुटबॉलमध्ये अपक्षच होते.

ही घडी मोडली ती १९८४ मध्ये. तोवर कोणत्या संघाचे किती सामने दूरचित्रवाणीवर दिसावेत हे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, म्हणजे एनसीएए, ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामवंत फुटबॉलपटू होते. या निकालाने विद्यापीठीय खेळ आणि निव्वळ धंदा यांच्यातली भिंत खचेल, अशी त्यांची भीती होती. कायद्याच्या दृष्टीने बहुमत बरोबर होते असे मला वाटते, पण पुढे काय होणार हे व्हाइट यांना अधिक स्पष्ट दिसले होते, हेही कबूल करावे लागते. सामने विकण्याचा हक्क मिळाला, पण ते एकट्याने विकणे फारच थोड्यांना परवडणारे होते. नोटर डेमने १९९० मध्ये एनबीसीशी स्वतंत्र करार केला आणि पुढच्या वर्षीपासून त्याचे घरचे सामने त्या वाहिनीवर दिसू लागले. ज्यांच्याकडे असा करार नव्हता ते आसरा शोधू लागले. पेन स्टेट बिग टेनमध्ये, फ्लोरिडा स्टेट अटलांटिक कोस्टमध्ये, मायामी बिग ईस्टमध्ये आणि साउथ कॅरोलायना साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये गेले. अपक्षांची संख्या घटली ती बाजारपेठेच्या गणितामुळे. खेळाची गुणवत्ता, विद्यार्थ्यांची सोय यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

त्या गणिताचा शेवट काय होतो हे २०२३ च्या ऑगस्टमध्ये दिसले. त्याआधी, २०२१ मध्ये, टेक्सस आणि ओक्लाहोमा यांनी साउथईस्टर्नकडे जाण्याचे जाहीर केले होते आणि २०२२ च्या जूनअखेर सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए या लॉस एंजलिसच्या दोन विद्यापीठांनी चक्क बिग टेनशी, म्हणजे मिशिगन-ओहायोच्या गटाशी, सोयरीक जुळवली होती. त्याच उन्हाळ्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांसाठी सुमारे सात अब्ज डॉलरचे करार केले. पश्चिम किनाऱ्याच्या पॅक-ट्वेल्व्हला, म्हणजे जुन्या पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्सच्या परंपरेतल्या गटाला, तेवढा भाव देणारे कोणी मिळेना. हाती आला तो ॲपलचा एक प्रस्ताव, ज्यात उत्पन्न वर्गणीदारांच्या संख्येवर अवलंबून होते. ४ ऑगस्टला ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे गेले, तेही इतरांच्या निम्म्याच्या आसपास वाटा स्वीकारून. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हकडे गेले, कोलोरॅडो आठवडाभर आधीच तिकडे गेले होते. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कलेचे कॅलिफोर्निया विद्यापीठ अटलांटिक किनाऱ्याच्या गटात दाखल झाले. शंभर वर्षांहून जुन्या परंपरेच्या गटात उरले ते दोन संघ, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

यातले वॉशिंग्टन स्टेट पुलमन या गावात आहे. पलूस नावाच्या प्रदेशातल्या गव्हाच्या टेकड्यांमध्ये वसलेले, तीसेक हजार वस्तीचे हे गाव. त्याच्या स्टेडियममध्ये साधारण तितकीच माणसे बसतात, म्हणजे सामन्याच्या शनिवारी गावाएवढे दुसरे गाव तिथे जमते. विद्यापीठाच्याच डेअरीत बनणारे, डब्यात बंद करून विकले जाणारे कुगर गोल्ड चीज बरोबर घेऊनच माजी विद्यार्थी परततात. सर्वांत जवळचे मोठे शहर स्पोकेन, तेही सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. दूरचित्रवाणीच्या दृष्टीने पुलमनला किंमत नाही, कारण तिथे घरेच थोडी. पण विद्यापीठ आणि गाव यांचे नाते ज्याला पाहायचे आहे त्याने लॉस एंजलिसला जाण्यापेक्षा इथे यावे. ओरेगन स्टेटची कथा आणखी बोचरी आहे. त्यांनी कोर्व्हालिसमधले आपले स्टेडियम सुमारे १६ कोटी डॉलर खर्चून नव्याने उभारले आणि ते पूर्ण झाले नेमके २०२३ मध्येच. या दोघांना निदान गटाची मालमत्ता आणि कारभार तरी आपल्या हाती राहावा म्हणून कोलफॅक्स या लहानशा गावातल्या जिल्हा न्यायालयात जावे लागले आणि तिथे ते जिंकले. त्यांनी आता बॉइसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट आणि टेक्सस स्टेट यांना घेऊन २०२६ पासून फुटबॉलसाठी लागणारी आठ ही किमान संख्या जुळवली आहे. गट वाचला, पण ज्या माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून यातले पाच संघ आले तिच्या घरात आता भगदाड पडले आहे आणि नुकसानभरपाईचा वाद कोर्टात गेला.

फुटबॉलपटूंविषयी मला फार चिंता वाटत नाही. त्यांचे हंगामात बारा सामने, त्यातले निम्मे घरी, आणि बाहेरच्या सामन्यांना खास विमान. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसेही देता येतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती, आणि त्यातला मोठा भाग फुटबॉलकडे वळणे साहजिक आहे. प्रश्न आहे तो सॉफ्टबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर, टेनिस खेळणाऱ्या मुलामुलींचा. स्टॅनफर्डची व्हॉलीबॉलपटू पूर्वी बर्कलेला तासाभरात बसने जात असे. आता तिच्या गटात बॉस्टन कॉलेज आहे, जे चार हजार किलोमीटरहून दूर आहे, विमानाने पाच-सहा तासांवर आणि घड्याळाने तीन तास पुढे. तिकडे खेळून परतलेली मुलगी सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत उभी राहते तेव्हा तिचे शरीर नेमके कोणत्या किनाऱ्यावर असते, याचा विचार करार करणाऱ्यांपैकी कोणी केला असेल असे वाटत नाही. प्रसारणाच्या उत्पन्नाचे म्हणाल तर स्टॅनफर्ड आणि बर्कले यांनी पहिली सात वर्षे ३० टक्के वाट्यावर समाधान मानले आहे आणि त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर नऊ वर्षे त्या पैशावर पाणीच सोडले आहे. यूसीएलएने गट सोडल्याने बर्कलेचे जे नुकसान झाले त्यापोटी यूसीएलएने तिला तीन वर्षे दरसाल एक कोटी डॉलर द्यावेत असा ठराव कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियामक मंडळाला करावा लागला. एकाच राज्याच्या विद्यापीठाची ही दोन अंगे, आणि एकाच्या फुटबॉलची भरपाई दुसऱ्याला!

यात एक गंमत आहे. पुरुषांची वॉटर पोलो ही स्पर्धा बिग टेनही भरवत नाही आणि अटलांटिक कोस्टही भरवत नाही. त्यामुळे सदर्न कॅलिफोर्निया, यूसीएलए, स्टॅनफर्ड आणि बर्कले हे चारही जुने सोबती त्या खेळात अजून एकाच स्थानिक महासंघात एकमेकांशी खेळतात. फुटबॉल जिकडे गेला तिकडे गेला, आणि तरीही पोहणाऱ्या मुलांचे काही अडले नाही. मग हेच व्हॉलीबॉलला, बेसबॉलला, टेनिसला का लागू होऊ नये?

होऊ शकते, आणि त्याचे दाखले आहेत. लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकादमीचा संघ, म्हणजे आर्मी, दीर्घकाळ अपक्ष होता. २०२४ मध्ये तो अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्समध्ये गेला तो फक्त फुटबॉलपुरता. नौदल अकादमीचा संघ २०१५ पासून तिथेच आहे, तोही फुटबॉलपुरता. दोघांचे बहुतेक इतर खेळ पूर्वेकडच्या पेट्रियट लीगमध्ये, आपल्या अंतरातल्या आणि आपल्यासारख्या संस्थांशी चालतात. शिवाय त्यांचा डिसेंबरातला परस्परांशी होणारा ऐतिहासिक सामना गटाच्या गुणतक्त्यात धरला जात नाही. आर्मीने २०२४ मध्ये आधी गटाचे विजेतेपद मिळवले आणि मग आठवड्याने नौदलाकडून हार पत्करली. म्हणजे इच्छा असेल तर गटाचे नियमही परंपरेला जागा करून देतात. हवाईचा फुटबॉल संघ अनेक वर्षे माउंटन वेस्टमध्ये आणि बाकीचे खेळ बिग वेस्टमध्ये अशी विभागणी होतीच. खुद्द बिग टेनमध्ये नोटर डेमचा आइस हॉकी संघ आणि जॉन्स हॉपकिन्सचा लॅक्रॉस संघ पाहुणे म्हणून आहेत.

कनेक्टिकटचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. २०१३ मध्ये बिग ईस्ट फुटली, सात कॅथलिक विद्यापीठे मोठ्या फुटबॉलचा नाद नको म्हणून नाव घेऊन बाहेर पडली आणि कनेक्टिकट उरलेल्यांबरोबर अमेरिकन ॲथलेटिकमध्ये राहिले. तिथे ह्यूस्टन, टल्सा, ऑरलँडो असे प्रतिस्पर्धी होते, ज्यांच्याशी स्टोर्सच्या, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाच्या गावच्या, प्रेक्षकांचे ना भांडण ना प्रेम. २०२० मध्ये विद्यापीठाने एक कोटी ७० लाख डॉलर मोजून तो गट सोडला, बाकीचे खेळ बिग ईस्टमध्ये परत नेले आणि फुटबॉल अपक्ष ठेवला. प्रॉव्हिडन्स, सेंट जॉन्स, सीटन हॉल, व्हिलानोव्हा हे जुने शेजारी पुन्हा समोर आले. त्यानंतर पुरुषांच्या बास्केटबॉल संघाने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली आणि महिलांनी २०२५ मध्ये आपले बारावे. गटबदलामुळेच हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण फुटबॉल अपक्ष ठेवल्याने विद्यापीठ बुडते हा समज तरी त्याने खोटा ठरवला. अपक्ष फुटबॉल संघही २०२४ मध्ये आठ सामने जिंकून बॉस्टनच्या फेनवे बोल या हंगामानंतरच्या निमंत्रित सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाला हरवून आला.

अर्थात, अपक्ष असणे हे सगळ्यांना झेपत नाही आणि याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. वेस्टर्न ॲथलेटिक कॉन्फरन्सने २०१२ नंतर फुटबॉल बंद केला तेव्हा आयडाहो आणि न्यू मेक्सिको स्टेट हे संघ रस्त्यावर आले. नोव्हेंबरात सगळे गट आपापल्यात खेळत असतात, त्या वेळी अपक्षाला प्रतिस्पर्धी मिळत नाही. न्यू मेक्सिको स्टेट आणि तेव्हाचे दुसरे अपक्ष लिबर्टी यांना एकाच हंगामात एकमेकांशी दोनदा खेळावे लागले, तेही लागोपाठ दोन वर्षे. वर्ष भरून काढायचे तर बड्या संघांच्या मैदानावर ठरलेली बिदागी घेऊन मार खायला जायचे. आयडाहोने शेवटी २०१८ मध्ये खालच्या विभागात जाणे पसंत केले. म्हणून सर्वांनी अपक्ष व्हावे अशी माझी सूचना नाही. फुटबॉलचे गट दूरचित्रवाणीच्या हिशेबाने खुशाल देशव्यापी करा, पण त्या करारांना बाकीचे वीस-पंचवीस खेळ बांधू नका, एवढेच म्हणणे आहे. यूसीएलएचे तेव्हाचे प्रशिक्षक चिप केली यांनी २०२३ च्या अखेरीस साधारण याच दिशेची कल्पना जाहीरपणे मांडली होती. एका फुटबॉल प्रशिक्षकाला हे सुचावे आणि विद्यापीठांच्या अध्यक्षांना सुचू नये, यातच बरेच काही आले.

नोटर डेमवरचा आक्षेप वेगळा आहे, आणि त्यात तथ्य आहे. इतर बड्या संघांना गटाच्या अंतिम सामन्याची एक जादा परीक्षा द्यावी लागते, नोटर डेमला नाही. अटलांटिक कोस्टशी तो दर हंगामात सरासरी पाच सामने खेळतो आणि बाकी वेळापत्रक स्वतः ठरवतो. पण या स्वातंत्र्याची किंमतही त्याने मोजली आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपदासाठीची बाद फेरी बारा संघांची झाली तेव्हा पहिल्या चार जागा गटविजेत्यांसाठी राखीव होत्या, त्यामुळे नोटर डेम कितीही चांगला खेळला असता तरी त्याला पहिली फेरी चुकवता येत नव्हती. तो इंडियाना, जॉर्जिया आणि पेन स्टेट यांना हरवून अंतिम सामन्यात गेला आणि ओहायो स्टेटकडून हरला. २०२५ मध्ये दहा विजय आणि दोन पराभव अशी कामगिरी असूनही तो बाद फेरीबाहेर राहिला, आणि त्या रागात त्याने बोल सामनाही नाकारला. हा रुसवा शोभणारा नव्हता. दुसरीकडे, २०२६ पासून निवड समितीच्या क्रमवारीत पहिल्या बारांत आल्यास त्याला जागा नक्की, असे आधीच ठरवून घेणे हा मात्र उघड पक्षपात आहे. एका विद्यापीठाचे नाव घालून नियम लिहिला जातो तेव्हा अपक्षतेचे समर्थन करणाऱ्यांचीच बाजू लंगडी होते. सवलत काढावी, पण सवलत काढण्यासाठी त्याला गटात ढकलण्याची गरज नाही.

सर्वांत अवघड आक्षेप पैशाचा आहे, आणि तो जेवढा सांगितला जातो तेवढा सरळ नाही. फुटबॉलचे उत्पन्न विद्यापीठाच्या क्रीडा विभागात येते. त्यातून सॉफ्टबॉलचा खर्च भागवण्यासाठी सॉफ्टबॉलचा संघही त्याच गटात हवा, असे काही नाही. उलट प्रवास कमी झाला तर तोच पैसा अधिक पुरेल. खरी अडचण गटांच्या स्वतःच्या वाहिन्यांची आहे. बिग टेनची वाहिनी २००७ पासून, साउथईस्टर्नची २०१४ पासून आणि अटलांटिक कोस्टची २०१९ पासून चालते, आणि आठवड्याचे इतर दिवस भरायला त्यांना याच खेळांचे सामने लागतात. बास्केटबॉलचे दुखणे आणखी निराळे, कारण राष्ट्रीय स्पर्धेतला पैसा एनसीएए गटांमार्फत वाटते आणि कोणताही गट तो वाटा सहजासहजी सोडणार नाही. बास्केटबॉलपुरती तडजोड करावी लागेल, हे मी मान्य करतो. पण ज्या वीस खेळांतून कोणालाच पैसा मिळत नाही त्यांना त्या दोन खेळांच्या दावणीला बांधण्याचे समर्थन त्याने होत नाही.

हा प्रश्न मराठी वाचकाला अगदीच परका नाही. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबांतली कित्येक मुले शेजारच्या रट्गर्स विद्यापीठात शिकतात. १८६९ मध्ये प्रिन्स्टनशी पहिला महाविद्यालयीन फुटबॉल सामना खेळणारे हेच रट्गर्स. ते २०१४ पासून बिग टेनमध्ये आहे आणि आता पश्चिम किनाऱ्यावरचे सिॲटल, युजीन, लॉस एंजलिस हे त्याचे गटबंधू झाले आहेत. तिथला क्रीडा विभाग तुटीत चालतो, आणि ती तूट विद्यापीठाच्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरली जाते. ज्या पालकाने फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नाही तोही या प्रवासाचे पैसे देतो आहे.

बिग टेनचे करार, नोटर डेमचा एनबीसीशी असलेला करार आणि बिग ट्वेल्व्हचे करार हे सगळे २०२९ ते २०३१ च्या दरम्यान संपतात. पुढची पळापळ तेव्हा होणार हे उघड आहे आणि म्हणून विद्यापीठांच्या नियामक मंडळांनी त्याआधीच एक अट ठरवून ठेवायला हवी की फुटबॉलचा कोणताही नवा करार इतर खेळांना दुसऱ्या, जवळच्या गटात खेळण्याची मुभा ठेवूनच होईल. राज्य विद्यापीठांच्या बाबतीत हा अधिकार मंडळांकडे आहेच. कॅलिफोर्नियाने भरपाईचा ठराव करून तो वापरूनही दाखवला, फक्त घोडे निघून गेल्यावर. बिग ट्वेल्व्हने २०२४ मध्ये कनेक्टिकटशी बोलणी सुरू केली होती आणि सप्टेंबरात ती थांबवली. ती पुन्हा सुरू झाली तर कनेक्टिकटने फक्त फुटबॉल देऊ करावा, बास्केटबॉलसह बाकी सगळे बिग ईस्टमध्येच ठेवावे, आणि समोरच्यांना हे पटले नाही तर ईस्ट हार्टफर्डच्या आपल्या मैदानावर अपक्ष म्हणूनच खेळत राहावे.